नाव सापडते, पण यंत्र सापडत नाही: वाचनालयातील नेटवर्क दुरुस्तीचा अनुभव

इंदूरच्या रामबाग भागातील आमच्या छोट्या मराठी वाचनालयात तीन संगणक आहेत आणि तिन्हींवर लिनक्स आहे. कार्यालयातील मुख्य संगणकावर डेबियन १२ असून त्यावर कोहा ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली चालते. देवघेवीच्या टेबलावरील आणि वाचनकक्षातील संगणकांवर लिनक्स मिंट आहे आणि तेथून ब्राउझरमध्ये मुख्य संगणकावरील पुस्तकसूची उघडली जाते. मी तेथील पगारी कर्मचारी नव्हे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या यंत्रांची देखभाल स्वयंसेवक म्हणून पाहतो. जून ते ऑगस्ट २०२५ या काळात ही साधी व्यवस्था पूर्ण विस्कटली आणि पुन्हा बसवावी लागली. एकेका लक्षणावरचे उपाय शोधल्यास पुष्कळ सापडतात. आमच्याकडे मात्र चार-पाच लक्षणे एकावर एक चढली होती आणि एक दूर केले की त्याखालचे दुसरे दिसत होते. म्हणून सगळा प्रकार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने लिहीत आहे. कमांड आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत असली तरी टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

११ जूनच्या रात्री विजांच्या कडकडाटासह पाऊस झाला आणि इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा जळाला. तक्रार नोंदवल्यावर १४ तारखेला कंपनीचा तंत्रज्ञ नवा डबा घेऊन आला. त्याने तो बसवला, वाचनकक्षातील आमच्या जुन्या वाय-फाय राउटरचे रिसेटचे बटण दाबले, त्याची केबल इंटरनेटच्या निळ्या खाचेत घातली, स्वतःच्या मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दाखवला आणि म्हणाला, ‘सर, नेट तो चल रहा है ना?’ नेट चालत होते, यात शंका नाही. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी मात्र पुण्याहून मागवावा लागला, कारण जोडणी अजून माजी कार्यवाहांच्या नावावर होती आणि ते आता मुलाकडे पुण्याला राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला. ‘दादा, सूची उघडत नाहीये, पण यूट्यूब चालतंय.’ या एका वाक्यात निदानाचा निम्मा भाग होता: बाहेरचा रस्ता मोकळा होता, अडथळा घरातल्या घरात होता.

अशा वेळी मी तीन प्रश्न वेगवेगळे विचारतो आणि त्यांची उत्तरे कागदावर लिहितो. या यंत्राचा स्वतःचा पत्ता कोणता? समोरच्या यंत्राच्या नावाचा अर्थ या यंत्राला कोणता पत्ता असा लागतो? आणि त्या पत्त्यावर खरोखर तेच यंत्र आहे का? तिन्ही प्रश्नांवर ब्राउझर ‘सर्व्हर सापडला नाही’ किंवा त्यासारखेच काहीतरी सांगतो, त्यामुळे ब्राउझरकडे पाहून काही ठरवता येत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी ‘आयपी ॲड्रेस’ ही कमांड पुरते. देवघेवीच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.७ असा निघाला, तर मुख्य संगणकाला फार पूर्वी हाताने नेमून दिलेला पत्ता १९२.१६८.०.१० होता. जुना डबा शून्याच्या मालिकेतील पत्ते वाटत असे, नवा एकच्या मालिकेतील वाटतो. खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले हे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात दिलेले असून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या भागात अशा २५६ छोट्या मालिका बसतात. उत्पादक बहुधा शून्य किंवा एक निवडतात, एवढेच. दोन्ही यंत्रे एकाच डब्याला केबलने जोडलेली असली, तरी प्रत्येक जण दुसऱ्याला परगावचा समजत होता, आणि मुख्य संगणकाला बाहेर जाण्यासाठी माहीत असलेली १९२.१६८.०.१ ही वेस त्याच्या केबलवर आता अस्तित्वातच नव्हती.

वाचनकक्षात प्रकार अधिक चमत्कारिक होता. तेथील संगणकावरून मुख्य संगणकाच्या ‘ग्रंथालय’ या नावाला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवला, तर चक्क उत्तर येत होते. सूची मात्र उघडत नव्हती. पिंगला उत्तर आले की यंत्र सापडले असे आपण धरून चालतो, आणि नेमका तेथेच घोटाळा होता. रिसेट केलेला जुना राउटर आता स्वतः पत्ते वाटू लागला होता, तेही शून्याच्याच मालिकेतील, आणि त्याचे वाटप ०.२ पासून सुरू होत होते. वाचनकक्षात बसलेल्या कुणाच्या तरी मोबाइलला १९२.१६८.०.१० हा पत्ता मिळाला होता आणि आमच्या पिंगला तो मोबाइल इमानेइतबारे उत्तर देत होता.

हे कळले ते ‘आयपी नेबर’ या कमांडमुळे. ती प्रत्येक पत्त्यामागच्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क-कार्डाची ओळख, दाखवते. मुख्य संगणकाचा मॅक पत्ता त्याच्या कव्हरवरील चिठ्ठीवर लिहिलेला होता आणि येथे दिसणारा पूर्णपणे निराळा होता. शिवाय त्यातील दुसरा अंक ‘ए’ होता (हे पत्ते ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत लिहितात). दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून सॉफ्टवेअरने तयार केलेला असतो, आणि आजचे मोबाइल गोपनीयतेसाठी वाय-फायवर असेच बनावट पत्ते वापरतात. आणखी एक खूण होती. वेबपान मागवणाऱ्या ‘कर्ल’ या कमांडने सूचीचे पान मागितले, तर क्षणात ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर येत होते. नकार येणे म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी जागे आहे, पण ती सेवा तेथे चालू नाही. काहीच न येता कमांड नुसती थांबून राहणे हे लक्षण वेगळे. त्याचा अनुभव पुढे आलाच.

नावाचा अर्थ कुठून लागतो, हा दुसरा प्रश्न. लिनक्समध्ये त्याचा क्रम इटीसी फोल्डरमधील एनएसस्विच नावाच्या फाइलीत लिहिलेला असतो. आमच्याकडे आधी नावे आणि पत्ते हाताने लिहून ठेवायची होस्ट्स ही फाइल, मग शेजारच्या यंत्रांना थेट विचारणारी एमडीएनएस ही पद्धत आणि शेवटी डीएनएस, म्हणजे नावांवरून पत्ते सांगणारी इंटरनेटची यंत्रणा, असा क्रम आहे. ‘गेटएंट होस्ट्स’ ही कमांड हाच क्रम पाळते, म्हणून इतर प्रोग्रॅमांना जे उत्तर मिळेल तेच ती दाखवते. ‘एनएसलुकअप’ मात्र होस्ट्स फाइल वाचत नाही. ती डीएनएसलाच विचारते. त्यामुळे एक कमांड ‘असे नाव नाही’ म्हणते आणि दुसरी पत्ता देते, असे परस्परविरोधी चित्र दिसते आणि माणूस हताश होतो. दोन्ही संगणकांच्या होस्ट्स फाइलीत ‘ग्रंथालय’ या नावापुढे जुना पत्ता लिहिलेला होता, एवढेच त्यामागचे कारण.

मुख्य संगणकासमोर बसल्यावर आणखी एक त्रास सुरू झाला. ‘सुडो’ ने सुरू होणारी, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालणारी, प्रत्येक कमांड दहा-एक सेकंद अडून राही आणि मग ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ असा संदेश देऊन चालू होई. डेबियनमध्ये यंत्राचे स्वतःचे नाव होस्ट्स फाइलीत १२७.०.१.१ या पत्त्यापुढे लिहिलेले असते. एका विद्यार्थी स्वयंसेवकाने गेल्या वर्षी ‘होस्टनेमसीटीएल’ वापरून यंत्राचे नाव ‘सर्व्हर’ वरून ‘ग्रंथालय’ केले होते, पण ही ओळ तशीच राहिली होती. इतके दिवस डीएनएस लगेच ‘माहीत नाही’ म्हणत असल्याने कुणाच्या लक्षात आले नाही. आता डीएनएसचा पत्ताच मृत १९२.१६८.०.१ असल्यामुळे यंत्र पाच सेकंद वाट पाहून पुन्हा पाच सेकंद विचारत होते. ही मूळची ठरलेली मुदत आहे. ओळ दुरुस्त करताच विलंब संपला. नाव बदलताना होस्टनेम आणि होस्ट्स या दोन्ही फाइली पाहाव्यात, आणि नावात फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ वापरावी, अधोरेषा टाळावी. टिंबांमधील प्रत्येक भाग ६३ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, पण तितके लांब नाव ठेवण्याचे कारणही नाही.

वाचनालय बंद ठेवणे शक्य नव्हते, म्हणून तात्पुरती सोय म्हणून मुख्य संगणकाला १९२.१६८.१.१० हा पत्ता दिला आणि देवघेवीच्या संगणकावरील होस्ट्स फाइलीत तोच लिहिला. पिंग व्यवस्थित लागले, मॅक पत्ताही जुळला. पान मात्र उघडेना आणि या वेळी ‘कर्ल’ नुसती थांबून राहिली. माहितीची पाकिटे कुणीतरी गुपचूप गिळत असल्याचे हे लक्षण होते, आणि तो कोणीतरी म्हणजे मुख्य संगणकावरील यूएफडब्ल्यू हे फायरवॉल, बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी. त्यातील नियम ‘फक्त १९२.१६८.०.० च्या मालिकेतून येणाऱ्यांना सूची दाखवावी’ असा होता. पिंगला हे फायरवॉल मुळातच परवानगी देते, त्यामुळे पिंग चालते आणि पान चालत नाही, अशी स्थिती उद्भवते. नव्या मालिकेचा नियम घातला आणि १७ जूनच्या दुपारी देवघेव सुरू झाली. दरम्यानच्या नोंदी ग्रंथपालबाईंनी वहीत ठेवल्या होत्या. त्या संगणकात चढवण्याचे काम त्यांनाच करावे लागले.

वाचनकक्षातून नुसता पत्ता टंकल्यावर सूचीऐवजी अपाची या वेब-सर्व्हरचे ‘इट वर्क्स’ असे पान दिसे. येथे बिघाड काहीच नव्हता. एकाच संगणकावर अनेक संकेतस्थळे असली, तर ब्राउझरने कोणते नाव मागितले यावरून अपाची पान निवडते. पत्ता टंकल्यास नाव कळत नाही आणि पहिले ठरलेले पान मिळते. म्हणून आमच्यासारख्या व्यवस्थेत ‘नाव चालत नसेल तर पत्ता टाका’ हा सल्ला अपुरा पडतो. तेथील होस्ट्स फाइलीतही नवा पत्ता लिहिल्यावर सूची उघडली. ब्राउझरमध्ये एकाच शब्दाचे नाव टंकले की तो शोधयंत्राकडे जातो, हेही लक्षात ठेवावे. नावाआधी एचटीटीपी आणि पुढच्या खुणा पूर्ण लिहिल्या की तसे होत नाही.

ही सोय टिकाऊ नव्हती. नवा डबा एकच्या मालिकेतील जवळपास सगळेच पत्ते वाटतो, म्हणजे १.१० हा पत्ता उद्या एखाद्या मोबाइलला जाण्याची शक्यता होतीच. तो मुख्य संगणकासाठी राखून ठेवायला हवा होता, पण डब्यातील तो विभाग ग्राहकांसाठी बंद होता. १८ जूनला तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी, कुणीही न येता, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा संदेश पुण्याला गेला. पुन्हा तक्रार केल्यावर सांगण्यात आले की अशी विनंती नोंदणीकृत ग्राहकानेच करावी, अन्यथा जोडणी नव्या कार्यवाहांच्या नावावर करून घ्यावी. त्यासाठी संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, कार्यकारिणीचा ठराव, नव्या कार्यवाहांचे आधार कार्ड आणि माजी कार्यवाहांचे ना-हरकत पत्र एवढी कागदपत्रे लागली. संस्थेच्या नावावर जोडणी असणाऱ्यांनी पदाधिकारी बदलताच हे करून घ्यावे. बिघाडाच्या दिवसांत या कागदपत्रांमागे धावणे फार जिकिरीचे होते.

६ जुलैच्या कार्यकारिणी सभेत ठराव झाला, आणि त्याच सभेत मी दुसरा मार्ग मांडला. डब्याची मालकी कंपनीची, तो केव्हाही बदलणार आणि त्याच्या आतील मालिका आपल्या हाती कधीच नसणार. तेव्हा वाचनालयाचा स्वतःचा राउटर मध्ये बसवावा, तिन्ही संगणक आणि छपाईयंत्र त्याच्यामागे ठेवावे आणि डब्याकडून केवळ इंटरनेट घ्यावे. यात पत्त्यांचे भाषांतर, म्हणजे आतला पत्ता बदलून बाहेरचा लावणे, दोनदा होते आणि बाहेरून आत येण्याची सोय असणाऱ्यांना ते अडचणीचे ठरते, परंतु आम्हाला बाहेरून कुणाला आत घ्यायचेच नाही. कोषाध्यक्षांनी प्रस्ताव मान्य केला, मात्र दोन हजारांवरील खरेदीला तीन दरपत्रके हवीत, हा नियम त्यांनी शांतपणे पुढे ठेवला. जेल रोडच्या नॉव्हेल्टी मार्केटमध्ये फिरून ती मिळवली. छापील दरपत्रक द्यायला दुकानदार सहसा तयार नसतात; संस्थेच्या नावाचे पत्र दाखवल्यावर देतात. १९ जुलैला १,६५० रुपयांचा राउटर, १,२५० रुपयांचा आठ खाचांचा गिगाबिट स्विच आणि ६०० रुपयांची तीस मीटर केबल घेतली. केबल ओढून टोके बसवणाऱ्याने ३०० रुपये घेतले. एकूण ३,८०० रुपये झाले.

सोमवारी वाचनालय बंद असते, म्हणून २१ जुलै हा दिवस निवडला. आधी कागदावर आकृती काढली: कोणती केबल कोठून कोठे जाते, कोणाचा पत्ता कोणता, पत्ते वाटणारा कोण. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण एका जाळ्यात पत्ते वाटणारा एकच असावा. नव्या राउटरची इंटरनेटची खाच डब्याला जोडली, त्याला १९२.१६८.०.१ हा पत्ता दिला आणि वाटप १०० ते १९९ एवढ्यातच ठेवले. त्यामुळे मुख्य संगणकाचा मूळचा ०.१० हा पत्ता वाटपाबाहेर सुरक्षित राहिला. राउटरच्या दोन्ही बाजूंच्या मालिका वेगळ्या असाव्या लागतात, आणि डबा एकच्या मालिकेत असल्याने ती अटही आपोआप पाळली गेली. वाचनकक्षातील जुन्या राउटरला ०.२ हा पत्ता दिला, त्याचे वाटप बंद केले आणि त्यानंतरच केबल निळ्या खाचेतून काढून साध्या खाचेत घातली. हा क्रम उलटा केल्यास दोन वाटप करणारे एकत्र येतात आणि कोणता संगणक कोणाचे ऐकेल ते सांगता येत नाही. वाचकांचे मोबाइल डब्याच्याच वाय-फायवर ठेवले. त्यांना इंटरनेट मिळते, आणि वाचनालयाच्या संगणकांपर्यंत ते पोहोचू शकत नाहीत. जुन्या राउटरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलला आणि तो फक्त कर्मचाऱ्यांना दिला.

नंतर नावांकडे वळलो. प्रत्येक यंत्रावर हाताने लिहिलेली यादी जुनी होते, हा त्रास नवा नाही: इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या जाळ्यावर सर्व यंत्रांच्या नावांची एकच होस्ट्स फाइल स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि सर्वांनी तिची प्रत उतरवून घ्यायची असे, यंत्रे वाढल्यावर ते जमेना, म्हणून संगणकतज्ज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. आमच्या तीन संगणकांसाठी स्वतंत्र डीएनएस चालवण्याची गरज नव्हती. देवघेवीच्या आणि वाचनकक्षातील संगणकांवरील होस्ट्स फाइलींतून ‘ग्रंथालय’ ची ओळ काढून टाकली आणि एमडीएनएसवर भिस्त ठेवली. मुख्य संगणकावर त्यासाठी अवाही ही सेवा चालू केली, ‘ग्रंथालय डॉट लोकल’ हे नाव अपाचीच्या नावांतही घातले आणि तात्पुरत्या मालिकेचा फायरवॉलमधील नियम काढला. एमडीएनएसची विचारणा २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर, त्या एका जाळ्यापुरतीच होते आणि राउटर ओलांडत नाही. जूनमध्ये वाचनकक्ष वेगळ्या राउटरमागे गेला असताना हे नाव तेथे चालणे शक्यच नव्हते. ‘डॉट लोकल’ हा शेवट याच पद्धतीसाठी राखलेला असल्याने तो डीएनएसमध्ये वापरू नये. स्वतःचे डीएनएस चालवणाऱ्यांसाठी ‘होम डॉट आर्पा’ हे नाव २०१८ मध्ये राखून ठेवण्यात आले आहे.

येथे एक शेवटचे आश्चर्य निघाले. ‘वाचक-२ डॉट लोकल’ असे, कुणीही न ठेवलेले नाव जाळ्यात दिसू लागले. देवघेवीचा संगणक वाचनकक्षातील संगणकाच्या डिस्कची नक्कल करून तयार केलेला होता आणि दोघांचे नाव ‘वाचक’ असल्याने अवाहीने नंतर आलेल्याला आपणहून आकडा जोडला होता. त्याचे नाव ‘देवघेव’ केले, दोन्ही फाइली तपासल्या आणि मशीन-आयडी ही ओळखही नव्याने तयार करून घेतली, कारण नक्कल केलेल्या यंत्रांत तीही सारखीच राहते आणि काही व्यवस्थांत त्यामुळे दोघांना एकच पत्ता मिळतो.

संध्याकाळी वाचनकक्षातून सूची उघडली, छपाईयंत्रातून सभासदाची पावती निघाली आणि मॅक पत्ते कागदाशी जुळले, तेव्हा बरे वाटले. पण मी लगेच घरी गेलो नाही. कार्यालयाचा मुख्य खटका बंद करून पुन्हा चालू केला, कारण वीज जाऊन आल्यानंतर कोणते यंत्र आधी उठते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मुख्य संगणक राउटरच्या आधी उठला. त्याचा पत्ता त्याच्याच फाइलीत लिहिलेला असल्याने तो कुणाची वाट पाहत बसला नाही. वाचनकक्षातील संगणकाला पत्ता मिळायला मिनिटभर लागले. आकृतीचा कागद, दोन्ही राउटरांचे पासवर्ड आणि तिन्ही मॅक पत्ते कार्यालयातील कपाटात ठेवले असून त्यांची एक प्रत ग्रंथपालबाईंकडे आहे. जोडणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नव्या कार्यवाहांच्या नावावर झाली. पत्ता राखून ठेवण्याची विनंती तोवर अनावश्यक झाल्यामुळे आम्ही ती मागे घेतली.